पहिली लॉबी कुठली? कल्याण, भुसावळ, बल्लारशाह की गोंदिया: मालगाडीवर नोकरी सुरू करणाऱ्यांसाठी तुलना

भाचीची असिस्टंट लोको पायलट म्हणून निवड झाली. पेढे वाटून संपायच्या आतच तिचा फोन आला, "मामा, विभागांची पसंती द्यायची आहे. पहिलं नाव कुठलं लिहू?" घरात तोवर तीन मतं तयार होती. ताईला भुसावळ हवं होतं, कारण घर चाळीसगावला. दाजींचा कल मुंबईकडे, कारण तिथे घरभाडं भत्ता जास्त. तिच्याबरोबर निवड झालेल्या एकाने सांगितलं होतं की कोळशाच्या पट्ट्यात गेलीस तर बढती लवकर मिळेल. तिघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच तिचा गोंधळ झाला होता.

मी सतरा वर्षं मालगाडीवर आहे. तिला जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहितो. ते असिस्टंट लोको पायलटला लागू आहे आणि मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरलाही, म्हणजे ज्या पदाला जानेवारी २०२२ पर्यंत आपण गुड्स गार्ड म्हणायचो. तुलना चार जागांची आहे. मध्य रेल्वेची कल्याण, भुसावळ आणि बल्लारशाह, आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं गोंदिया. दौंड, सोलापूर आणि कोकणाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पसंती कशाची विचारतात आणि हातात काय पडतं

अर्ज करताना आपण भरती मंडळ निवडतो. मंडळ आपल्याला झोनकडे पाठवतं, झोन विभाग देतो आणि विभाग लॉबी देतो. लॉबी म्हणजे जिथे आपण साईन ऑन करतो, फुंकर मारून ब्रेथलायझरची चाचणी देतो आणि गाडीचे कागद घेतो ती जागा. पुढची काही वर्षं आपलं आयुष्य या लॉबीभोवती फिरतं. पसंती मात्र बहुतेक वेळा विभागापर्यंतच विचारतात. लॉबी रिकाम्या जागांप्रमाणे मिळते.

त्यामुळे 'भुसावळ विभाग' लिहिला म्हणजे भुसावळ गाव मिळालं, असं धरू नका. त्याच विभागात मनमाड आहे आणि मध्य प्रदेशातलं खंडवाही आहे. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात अजनी, वर्धा, बल्लारशाह येतात, तसं बैतूलजवळचं आमलाही येतं. नागपुरात दोन झोनची दोन विभागीय कार्यालयं आहेत, ही गोष्टही अनेक मुलांना रुजू होईपर्यंत माहीत नसते. एक मध्य रेल्वेचा नागपूर विभाग, दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. गोंदिया आणि इतवारी दुसऱ्यात येतात. त्या झोनचं मुख्यालय बिलासपूर आहे आणि त्याचे बाकीचे दोन विभाग रायपूर आणि बिलासपूर. गोंदिया डोळ्यांपुढे ठेवून अर्ज केलेल्या भंडाऱ्याच्या मुलाला छत्तीसगडमधल्या कोरब्याकडची लॉबी मिळू शकते.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न थोडा वेगळा आहे. या विभागातली मला सर्वांत नको असलेली लॉबी मिळाली, तरी मी तिथे राहीन का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर तो विभाग यादीत खाली ढकला.

जवळ म्हणजे कशाच्या जवळ?

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. मला पहिली लॉबी मिळाली ती गावापासून दीडशे किलोमीटरवर. मी खूश झालो. एवढंच अंतर तर आहे, घर गावीच ठेवू आणि येऊन-जाऊन करू, असं ठरवलं. पाच वर्षं तसं केलं.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. मेल-एक्स्प्रेसच्या क्रूला लिंक असते, पुढच्या आठवड्यात कुठल्या गाडीवर जायचं ते त्याला माहीत असतं. आपल्याला साधारण दोन तास आधी कॉल येतो, मग दुपारचे दोन वाजलेले असोत की रात्रीचे. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी करून मुख्यालयी, म्हणजे आपल्या लॉबीच्या गावी, आलं, की नियमाप्रमाणे सोळा तासांची विश्रांती मिळते. आठ तासांपेक्षा कमी ड्यूटी असेल तर बारा तासांची. कागदावर सोळा तास भरपूर वाटतात. माझे त्यातले सात तास लॉबी ते गाव आणि गाव ते लॉबी यात जायचे. दोन-तीन तास जेवण, आंघोळ, आईशी बोलणं, बाजार. उरलेली झोप दिवसाउजेडी, आणि तीही एक कान फोनकडे ठेवून. एका पहाटे पिवळा सिग्नल मी पाहिला, तोंडाने पुकारलाही, आणि पुढच्या क्षणी तो पिवळाच होता ना हे मला आठवेना. शेजारी बसलेल्या सिनियरने ते ओळखलं. गाडी नीट थांबली आणि काही झालं नाही, पण त्या महिन्यात मी लॉबीपासून दहा मिनिटांवर खोली घेतली.

माझं मत त्या पहाटेपासून पक्कं आहे. मालगाडीच्या नोकरीत गाव ते मुख्यालय हे अंतर मोजू नका, अंथरूण ते लॉबी हे अंतर मोजा. जिथे तुम्ही कुटुंबासह खरोखर राहायला जाल आणि दिवसा अंधार करून झोपता येईल असं घर परवडेल, ती जागा चांगली. चाळीसगावहून भुसावळला अप-डाऊन करण्यापेक्षा बल्लारशाहला घर करून राहणारा माणूस जास्त झोपतो. खालची सगळी तुलना मी याच मापाने केली आहे.

सेक्शनची लांबी, वेग आणि घड्याळ

गाडी सुटल्यापासून नऊ तास आणि साईन ऑन ते साईन ऑफ अकरा तास हे ड्यूटीचं नेहमीचं माप आहे. अडचणीच्या वेळी ते ताणलं जातं. देशभरातल्या मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की सव्वादोनशे किलोमीटर येतात. सरासरी दिवशी एका ड्यूटीत मालगाडी साधारण इतकी जाते. आता तुमच्या लॉबीपासून पुढचा क्रू बदल किती लांब आहे ते बघा.

भुसावळहून बडनेरा सुमारे २२० किलोमीटर आहे, म्हणजे माप काठोकाठ भरतं. गाडी एखाद्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या मार्गावर, दोन तास अडकली की अकरा तास संपले. मनमाड १८४ आणि खंडवा सुमारे १२५ किलोमीटर. खंडव्याला जाऊन आलेल्या माणसाचं तोंड बडनेऱ्याहून आलेल्यापेक्षा ताजं असतं, हे लॉबीत नुसतं बसून पाहिलं तरी कळतं.

बल्लारशाहहून वर्धा १३५ किलोमीटर आणि नागपूर सुमारे २१०. गोंदियाहून नागपूर १३०, तर उलट बाजूला दुर्गही साधारण तेवढंच. कल्याणहून इगतपुरी ८३ आणि लोणावळा ७४. आकडे पाहून वाटेल की कल्याण सर्वांत सोपं. प्रत्यक्षात त्या ८३ किलोमीटरमध्ये थळ घाट आहे आणि त्या ७४ मध्ये भोर घाट, आणि दोन्हींच्या आधी मुंबईची लोकल आहे.

कल्याण

दोन्ही घाटांचा चढ ३७ फुटांना एक फूट. भोर घाटातून गाडी गेली १८६३ मध्ये, थळ घाटातून १८६५ मध्ये. पूल, बोगदे, इंजिनं सगळं बदललं, पण चढ तोच राहिला. कसाऱ्याहून आणि कर्जतहून मागे बँकर इंजिनं लावून मालगाडी वर ढकलतात. नवख्याला चढ अवघड वाटतो, पण खरी परीक्षा उताराची असते. इगतपुरीला किंवा लोणावळ्याला ब्रेकची तपासणी करून भरलेली गाडी खाली आणताना हात, कान आणि पाठीचा कणा, सगळं जागं ठेवावं लागतं. एअर प्रेशरचा काटा कुठे आहे, डायनॅमिक ब्रेक किती धरला आहे, मागची गाडी ढकलते आहे की ओढते आहे, हे सहायकालाही कळायला लागतं. घाटात शिकलेला माणूस पुढे कुठेही गाडी चालवू शकतो, असं आमच्यात म्हणतात, आणि मला ते पटतं. देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट म्हणून लागल्या. त्यांची सुरुवात वाडी बंदर ते कल्याण या मालगाडीवरच झाली होती, आणि २०११ मध्ये महिला दिनी त्यांनी भोर घाटातून डेक्कन क्वीन नेली. भाचीला हे नाव पाठ आहे.

कल्याणचं दुसरं रूप म्हणजे थांबणं. सकाळी आणि संध्याकाळी लोकलच्या गर्दीच्या वेळी मालगाडीला वाट मिळणं कठीण. ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांचे टँकर, जेएनपीटी बंदराचे कंटेनर, दिवा-वसई मार्गाने पश्चिम रेल्वेकडे जाणारी वाहतूक, सगळं त्या गर्दीच्या फटींमधून काढावं लागतं. रात्री ही फट मोठी होते, म्हणून रात्रीची कामं जास्त. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पा या कंटेनर वाहतुकीची घडीच बदलणार आहे, हे आज निवड करणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

घराचं काय? भाडं जास्त. लॉबीपासून चालत जाता येईल असं घर कल्याण पूर्व-पश्चिमेला मिळतं, पण पगाराचा मोठा तुकडा घेऊन. मग माणसं टिटवाळा, बदलापूरकडे सरकतात, आणि रात्री दीडनंतर लोकल बंद असताना कॉल आला की पंचाईत होते. जोडीदाराची नोकरी मुंबई-ठाण्यात असेल तर मात्र कल्याणला तोड नाही. आणखी एक गोष्ट फक्त मुंबई विभागात आहे. पुढे मोटरमन होण्याची वाट. लोकलची लिंक ठरलेली, घर ठरलेलं. मालगाडीवरचे अनेक जण त्यासाठीच इथे तग धरून राहतात.

भुसावळ

भुसावळ हे रेल्वेनेच मोठं झालेलं गाव. यार्ड, विद्युत इंजिनांचा शेड, इंजिन दुरुस्तीचा कारखाना, क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था, वसाहती, दवाखाना, सगळं एकमेकांना लागून. इथे दुपारी बारा वाजता कोणी झोपलेलं असलं तर शेजारीण मुलांना हळू बोला म्हणून सांगते, कारण तिच्याही घरात कोणीतरी रात्रपाळी करून आलेलं असतं. नव्या माणसाला हे महत्त्वाचं वाटत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. शहरात घरमालकाला आपली ड्यूटी समजावून सांगण्यात वर्ष जातं.

माल सगळ्या प्रकारचा. विदर्भातून नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणारा कोळसा, पानेवाडीच्या डेपोचं पेट्रोल-डिझेल, मनमाडचं धान्य, लासलगावकडचा कांदा, रावेर-सावद्याची केळी. देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून सुटली, तीही याच विभागातून. एका प्रकारचा माल मंदावला तरी दुसरा असतो, त्यामुळे काम वर्षभर सारखं राहतं.

अडचण वाहतुकीची आहे. मुंबई-हावडा आणि मुंबई-दिल्ली या दोन्ही मार्गांच्या मेल-एक्स्प्रेस इथूनच फुटतात. त्यांना आधी वाट द्यायची म्हणजे मालगाडी लूपमध्ये. बोदवड, मलकापूर, शेगाव अशी स्टेशनांची नावं मला तिथे घालवलेल्या तासांनी पाठ झाली आहेत. यावर उपाय चालू आहे. जळगाव-मनमाड चौथा मार्ग आणि भुसावळ-खंडवा तिसरा-चौथा मार्ग यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. वर्धा-भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाला ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाली. रूळ पडेपर्यंत काही वर्षं जातील, आणि तोवर कामाचे ब्लॉक आणि वेगमर्यादा वाढतील. आज पंचविशीत लागणाऱ्या माणसाला आधी हा त्रास होईल, मग मोकळी लाईन मिळेल. पन्नाशीतल्या माझ्यासारख्याला फक्त त्रास.

बल्लारशाह

कोळसा. दुसरं काही सांगितलं नाही तरी चालेल. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वणी, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर भागातल्या खाणी आणि २,९२० मेगावॅटचं चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र एका पट्ट्यात आहेत. शिवाय बल्लारशाहला मध्य रेल्वे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. या मार्गाने उत्तर-दक्षिण जाणारी मालगाडी इथे हातोहात दिली जाते. त्यामुळे बसून राहावं लागत नाही आणि कॉल सारखे येतात.

साईडिंगचं, म्हणजे माल भरायच्या फाट्यावरचं, काम मात्र वेगळी चीज आहे. खाणीच्या साईडिंगवर रेक, म्हणजे वॅगनची अख्खी माळ, भरायला लागला की वेळ सांगता येत नाही. पन्नास किलोमीटरची फेरी आणि दहा तासांची ड्यूटी, असं होतं. पायाखाली काळी धूळ, अंगावर काळी धूळ, डब्यातल्या पोळीवरही तीच. पण अशा फेरीनंतर माणूस आपल्याच घरी परततो, बाहेरच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे क्रूच्या विश्रामगृहात, नाही. लहान मूल घरात असलेल्यांना ही गोष्ट सोन्यासारखी वाटते. मुख्यालयाबाहेर बहात्तर तासांपर्यंत ठेवता येतं, असा नियम आहे. लांब सेक्शनच्या लॉबीत तो नियम तुम्हाला भेटतो, इथे तुलनेने कमी.

उन्हाळा हा खरा शत्रू. चंद्रपूरचा मे महिना पारा ४५ च्या वर नेतो. नव्या इंजिनांना एसी कॅब आहे. नागपूरला देखभाल होणारं १२,००० अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ मिळालं तर दिवस बरा जातो. जुनं इंजिन मिळालं तर कॅब तापते. आणि ट्रेन मॅनेजरने हे दुप्पट लक्षात घ्यावं, कारण तो शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा असतो, पत्र्याच्या डब्यात, अनेकदा दिव्याशिवाय आणि स्वच्छतागृहाशिवाय. इंजिनवाल्याला जी जागा चालून जाते, ती ब्रेकव्हॅनवाल्याला चालेलच असं नाही.

वर्धा-बल्लारशाह चौथ्या मार्गाला मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे. वाहतूक वाढली की लोको पायलटची पदं वाढतात, आणि असिस्टंटला वर सरकायला जागा होते. भाचीच्या मित्राचं म्हणणं इथे बरोबर ठरू शकतं. तरी ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. विभागाची ज्येष्ठता यादी मिळवा आणि तुमच्या आधीच्या तुकडीतले किती जण लोको पायलट गुड्स झाले, ते मोजा.

गोंदिया

छत्तीसगडचा कोळसा आणि पोलाद पश्चिमेकडे येतं ते याच दाराने. तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र, मौद्याचं एनटीपीसी, कोराडी-खापरखेडा, सगळ्यांची भूक या मार्गावर. या झोनला जड आणि लांब गाड्यांची सवय आहे. १५ ऑगस्ट २०२२ ला त्यांनी पाच रेक जोडून २९५ वॅगनची 'सुपर वासुकी' कोरबा ते राजनांदगाव नेली होती, लांबी साडेतीन किलोमीटर. रोजच्या कामात इतकी मोठी गाडी नसते, पण दोन रेक जोडून चालवणं इथे नवलाचं नाही, आणि ते शिकायला मिळतं.

गोंदियाहून दक्षिणेला बल्लारशाहकडे जाणारी २४० किलोमीटरची लाईन एकेरी आहे. नागझिरा, नवेगाव आणि ताडोब्याच्या मधलं जंगल. क्रॉसिंगसाठी एखाद्या छोट्या स्टेशनवर दोन-दोन तास उभं राहायचं, भोवती किर्र अंधार, जवळ चहाची टपरीसुद्धा नाही. रानडुक्कर, गवे, कधी वाघ रुळावर. वेग सांभाळून हॉर्न देत जावं लागतं. या मार्गाच्या दुहेरीकरणाला एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. दुहेरीकरण होईपर्यंत ही लाईन संयम असलेल्या माणसाची.

गोंदियात राहणं स्वस्त, आणि लॉबीपासून सायकलच्या अंतरावर घर मिळतं. लॉबीत हिंदी आणि छत्तीसगडी जास्त. पूर्व विदर्भातल्या मुलाला हे घरच वाटेल, कोल्हापूरच्या मुलाला सुटीत गावी जायला दीड दिवस लागेल.

भत्त्याचा हिशोब एकदा कागदावर

दाजींचा मुद्दा घरभाडं भत्त्याचा. सातव्या वेतन आयोगात असिस्टंटचं सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये. रनिंग स्टाफच्या मूळ वेतनात ३० टक्के मिळवून भत्ता काढतात, म्हणजे आधार २५,८७० रुपयांचा. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून भत्त्याचे दर ३०, २० आणि १० टक्के आहेत. कल्याण बृहन्मुंबईत धरलं जातं, तिथे ७,७६१ रुपये. नागपूर शहरात ५,१७४. भुसावळ, बल्लारशाह, गोंदिया या तिन्ही ठिकाणी २,५८७. कल्याण आणि भुसावळ यांत पाच हजारांचा फरक दिसतो. कल्याणला लॉबीजवळ एक खोली-स्वयंपाकघर घेतलं की तो फरक भाड्यातच जातो आणि वर खिशातले घालावे लागतात. रेल्वेचं क्वार्टर मिळालं तर भत्ता कुठेच मिळत नाही, मग प्रश्नच मिटला.

खरा फरक रनिंग अलाऊन्सने पडतो. तो किलोमीटरवर मिळतो. लूपमध्ये उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. लांब, मोकळ्या सेक्शनवर महिन्याचे किलोमीटर जास्त होतात, साईडिंगच्या आणि घाटाच्या कामात कमी. म्हणजे बल्लारशाहच्या साईडिंगवर काम करणारा घरी जास्त असतो आणि त्याला किलोमीटर कमी मिळतात, भुसावळ-बडनेरा करणाऱ्याचं उलटं. यातलं काय हवं ते घराघराने ठरवायचं. मी झोप निवडीन.

"आधी लागू, मग बदली करून घेऊ"

हे वाक्य मी दर भरतीत ऐकतो, आणि दरवेळी पोटात गोळा येतो. स्वतःच्या विनंतीवर दुसऱ्या विभागात गेलात, तर तिथल्या यादीत सर्वांत तळाला बसता. आठ वर्षं नोकरी झालेला माणूस काल लागलेल्या मुलाच्या खाली जातो, आणि त्याची बढती तितकी लांबते. आपसातल्या अदलाबदलीत दोघांपैकी ज्याची ज्येष्ठता कमी, ती दोघांना लागू होते, म्हणजे ज्येष्ठ माणसाने झळ सोसायची. शिवाय जोडीदार शोधावा लागतो. बल्लारशाह सोडून पुण्याला यायला हजार जण तयार असतात, पुणे सोडून बल्लारशाहला जाणारा एखादाच. पती-पत्नी दोघं सरकारी नोकरीत असतील तर विचार होतो, पण तोही जागा असेल तेव्हा. म्हणून पहिली निवड कायमची समजून करा.

बाकीच्या जागा थोडक्यात

दौंड हे चौकातलं स्टेशन आहे. मनमाडची लाईन, सोलापूरची लाईन आणि पुण्याची लाईन इथे भेटतात, आणि एप्रिल २०२४ पासून ते पुणे विभागात आहे. पुण्याला घर असलेल्यांना दौंड फार आवडतं, पण पुणे-दौंड अप-डाऊन म्हणजे माझीच जुनी चूक. सोलापूर विभागात वाडी-शहाबादकडचा सिमेंटचा माल मोठा. वाडी कर्नाटकात आहे, कानडी कानावर पडेल. कोकण रेल्वे हे स्वतंत्र महामंडळ आहे आणि त्यांची भरतीही स्वतंत्र होते. तिथे एकेरी मार्ग आणि पावसाळ्यात दरडींची गस्त, पण मालवाहतूक या चारांच्या मानाने थोडी.

मुलींनी वेगळं काय पाहावं

बहुतेक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही. हा प्रश्न लाजून टाळू नका, लॉबीत सरळ विचारा. कुठल्या स्टेशनांवर गाडी नेहमी थांबते, तिथे सोय आहे का, पलीकडच्या रनिंग रूममध्ये महिलांसाठी वेगळी खोली आणि वेगळं न्हाणीघर आहे का, रात्री दोनच्या कॉलला घरून लॉबीपर्यंत कसं यायचं. भुसावळ आणि कल्याणसारख्या मोठ्या लॉबीत आधीच्या मुली असतील, त्या जे सांगतील ते माझ्यासारख्या पुरुषाच्या सांगण्यापेक्षा खरं. गोंदिया-बल्लारशाहसारख्या जंगलातल्या एकेरी मार्गावर हा प्रश्न सर्वांत कठीण.

मग भाचीने काय केलं

मी तिला म्हटलं, यादी लिहिण्याआधी एक रात्र काढ. ती भुसावळला माझ्या एका मित्राच्या घरी राहिली आणि पहाटे तीन वाजता लॉबीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर उभी राहिली. साईन ऑफ करून येणाऱ्यांना तिने तीनच प्रश्न विचारले. या महिन्यात घरी किती रात्री झोपलात? तीस तासांची पूर्ण विश्रांती चार वेळा मिळाली का? घर लॉबीपासून किती मिनिटांवर आहे? पुढच्या आठवड्यात ती कल्याणला जाऊन हेच विचारून आली. बल्लारशाहला जमलं नाही, तिथल्या एका सहायक मुलीशी फोनवर तासभर बोलली.

मग तिने भुसावळ पहिलं लिहिलं, नागपूर दुसरं आणि मुंबई तिसरं. ताई खूश झाली. भाचीने तिला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की भुसावळ मिळालं तरी ती चाळीसगावहून येऊन-जाऊन करणार नाही, लॉबीमागच्या गल्लीत खोली बघून ठेवली आहे, आणि खिडकीला जाड पडदे आईनेच शिवून द्यायचे आहेत.